अक्षरं पुसायच्या आत : सोलापुरातल्या दफनभूमींची नोंद कशी करावी

सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या दफनभूमीत शिरा, तीन प्रकारचे दगड दिसतात. काळा दगड शंभर-सव्वाशे उन्हाळे खाऊनही अक्षर सोडत नाही. शहाबादी फरशी दिसायला गुळगुळीत, पण तिचे थर सुटतात. एक पापुद्रा निघाला की त्याच्याबरोबर नावही जातं. तिसरी सिमेंटची पाटी, ओली असतानाच खिळ्याने नाव ओढलेली. ती सगळ्यांत आधी जाते. या पाट्या असतात मिलमधल्या कामगारांच्या, विड्या वळणाऱ्या बायकांच्या, हमालांच्या. ज्यांच्या घरी त्या दिवशी पाथरवटाला द्यायला पैसे नव्हते, त्यांच्या.

नोंद करायला निघालेला माणूस आपसूक एखाद्या घुमटाकडे, नाहीतर इंग्रज अधिकाऱ्याच्या कोरीव थडग्याकडे वळतो. सुरुवातीला मीही वळलो होतो. आमच्या चार-पाच जणांच्या गटाने रविवारच्या सकाळी हे काम करायला घेतलं तेव्हा पहिले दोन महिने आम्ही मोठ्या दगडांचेच फोटो काढत बसलो. त्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या सिमेंटच्या पाट्यांची अख्खी ओळ धुऊन गेली. आज तिथे नुसते उंचवटे आहेत. म्हणून माझं सांगणं आहे की क्रम उलटा धरा. जे लवकर जाणार आहे ते आधी टिपा. काळ्या दगडावरचा इंग्रज अजून बरीच वर्षं थांबेल.

खाली लिहिलंय ते मुख्यतः कब्रस्तान, ख्रिस्ती दफनभूमी आणि लिंगायत रुद्रभूमी यांच्याबद्दल. हिंदू स्मशानभूमीतही लहान मुलांना पुरण्याची जागा असते, आणि काही समाजांत मोठ्यांनाही पुरतात. तिथेही हीच पद्धत चालते, फक्त दगड क्वचितच असतात, त्यामुळे सगळी भिस्त रजिस्टरवर आणि माणसांच्या आठवणीवर.

आधी माणसं गाठा

दफनभूमीचं पहिलं रजिस्टर म्हणजे कबर खोदणारा माणूस. कब्रस्तानात त्याला गोरकन म्हणतात. पुष्कळदा हे काम बापाकडून मुलाकडे आलेलं असतं. कुठली कबर कोणत्या घराण्याची, कुठला दगड नंतर हलवून बसवला, कुठे एकाखाली एक दोन दफनं आहेत, हे त्याला पाठ असतं. कब्रस्तानात जागा अपुरी पडते, त्यामुळे कच्च्या कबरींची जागा काही वर्षांनी पुन्हा वापरली जाते. अशा ठिकाणी दगड शोधण्यात अर्थच नाही. जे काही आहे ते त्या माणसाच्या डोक्यात.

पहिल्या भेटीला कॅमेरा नको, वहीही नको. चाचा म्हणा, मामू म्हणा, बसा, चहा घ्या, का आलोय ते सांगा. ख्रिस्ती दफनभूमीत पास्टर किंवा फादर आणि चर्चचे पंच, रुद्रभूमीत स्वामी आणि समाजाचे ट्रस्टी. पूर्व भागातल्या तेलुगू घरात गेलात तर अण्णा, अक्का. सोलापुरात दार या हाकांनी उघडतं, ओळखपत्राने उघडत नाही.

दुसऱ्या भेटीत त्यांच्याबरोबर फिरा. बसून विचारलं तर दहा नावं आठवतात, चालताना शंभर. त्यांची परवानगी घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा आणि प्रत्येक कबरीजवळ तिचा क्रमांक किंवा खूण स्वतः मोठ्याने बोला: "लिंबाच्या झाडापासून तिसरी, हिरवा रंग दिलेली." नाहीतर घरी येऊन ऐकताना "हे बघा, हे यांचं" एवढंच ऐकू येतं आणि कोणाचं ते कळत नाही. हा अनुभव आम्ही दोनदा घेतला.

वर्षात दोन दिवस असे असतात की माहिती आपण होऊन चालत येते. शबे बारातच्या रात्री कब्रस्तानात आणि २ नोव्हेंबरला कॅथलिक दफनभूमीत घरची माणसं येतात, कबर साफ करतात, फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. त्या दिवशी आत फोटो काढत हिंडू नका. फाटकाशी वही घेऊन बसा. ज्यांना सांगायचं आहे ते थांबतात.

परवानगी, आणि तीही लेखी

कब्रस्तान वक्फचं असेल तर मुतवल्ली, म्हणजे व्यवस्था बघणारा, किंवा कमिटी, चर्चचं असेल तर पंचमंडळी, समाजाचं असेल तर ट्रस्ट, पालिकेचं असेल तर महापालिका. तोंडी "करा की" मिळालं तरी अर्ज द्याच. आमचा अर्ज साधारण असा असतो:

"आम्ही खाली सही करणारे येथील कबरींवरील मजकुराची नोंद स्वयंसेवेने करू इच्छितो. कोणताही दगड आम्ही हलवणार नाही, खरवडणार नाही, रंगवणार नाही. दफनविधी चालू असताना काम थांबवू. तयार नोंदीची छापील प्रत आपणास विनामूल्य देऊ. आपल्या लेखी संमतीशिवाय काहीही प्रसिद्ध करणार नाही. या कामाचा जागेच्या मालकीशी वा हद्दीशी काही संबंध नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं. शहराच्या आत आलेल्या जवळजवळ प्रत्येक दफनभूमीला अतिक्रमणाचा, रस्तारुंदीचा, शेजारच्या भिंतीचा काही ना काही वाद चिकटलेला असतो. तुम्ही मोजपट्टी काढली की दोन्ही बाजूंचे लोक तुमच्याकडे बघायला लागतात. आपण कबरी मोजतोय, हद्द नाही, हे कागदावर असलेलं बरं. नकाशात हद्दीची रेघ आपण मारायचीच नाही. मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा नगर भूमापन कार्यालयात मिळतात, ज्याला हवं तो तिथून घेईल.

दफनाच्या जागेत शिरून भावना दुखावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. गटात नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगा. बायकांनी कब्रस्तानात यावं की नाही याबद्दल ठिकठिकाणी वेगळी रीत आहे. कमिटीला आधीच विचारा. आत जाता येत नसेल तर घरोघरी जाऊन आजीबाईंकडून माहिती घेण्याचं काम बायकाच जास्त चांगलं करतात, आणि ते काम दगड वाचण्याहून हलकं नाही.

नकाशा आणि क्रमांक

फोनमधल्या जीपीएसवर कबर सापडेल या भरवशावर राहू नका. मोकळ्या जागेत तो चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो, झाडाखाली त्याहून जास्त. चार मीटरात तीन कबरी बसतात. फाटक, विहीर, भिंतीचा कोपरा अशी न हलणारी एक खूण घ्या आणि तीस मीटरच्या टेपने तिथपासून ओळी मोजा. मग भाग अ, ब, क, त्यात ओळ, ओळीत कबर. अ-३-१७ म्हणजे अ भागातली तिसऱ्या ओळीतली सतरावी. उंचवटा असो, नुसता दगड असो, नाव नसलेली कबर असो, क्रमांक सगळ्यांना द्यायचा. नाव नाही म्हणून क्रमांक गाळला की त्या माणसाची कबर कागदावरूनही जाते.

क्रमांक कबरीवर रंगवायचा नाही. आम्ही शाळेची लहान पाटी नेतो, तिच्यावर खडूने क्रमांक लिहून पहिल्या फोटोत कबरीशेजारी ठेवतो, मग उचलतो.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर सकाळी नऊलाच ऊन चटके द्यायला लागतं, आणि मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर असतो. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर गाजरगवत छातीएवढं असतं. त्याने अंगाला खाज सुटते आणि दमा असलेल्याला त्रास होतो. वेड्या बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, म्हणून बूट. गवतात काठी आपटत चाला, दगडाच्या फटीत हात घालू नका, आणि साप चावला तर इकडेतिकडे न करता १०८ ला फोन करून सरळ सिव्हिल गाठा. कललेल्या दगडाला टेकून कुणी उभं राहणार नाही याकडे एका माणसाने लक्ष ठेवावं.

फोटो: ऊन बाजूने हवं

भर दुपारचा फोटो निम्मा वाया. उन्हाची तिरीप बाजूने आली की खोदलेल्या अक्षरात सावली बसते आणि नाव वर येतं. पूर्वेकडे तोंड असलेले दगड सकाळी लवकर, पश्चिमेकडचे संध्याकाळी. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर हिवाळ्यात ऊनच येत नाही, तिथे आरसा लागतो.

एका डिसेंबरातली गोष्ट सांगतो. भिंतीच्या सावलीत सिमेंटची एक पाटी होती, वर क्रूस ओढलेला, खाली काहीतरी रेघोट्या. तीन वेळा बघून आम्ही तिच्यापुढे "मजकूर नाही" असं लिहिलं होतं. त्या दिवशी गटातल्या एका मुलीने घरून भिंतीवरचा आरसा काढून आणला होता. ती दहा फुटांवर उन्हात उभी राहिली आणि उजेड पाटीवर आडवा टाकला. आरसा हळूहळू तिरका करत गेली तसं एकेक अक्षर उठलं. तेलुगू. वळणांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखे छोटे फटकारे. नाव, बापाचं नाव, त्याखाली मिलचं नाव आणि एक आकडा. तो आकडा काय, हे आम्हाला कळेना. शेजारच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या कामगाराने बघितल्याबरोबर सांगितलं, "बिल्ल्याचा नंबर हाय तो." मरणाची तारीख नव्हती. घरच्यांना त्या माणसाची ओळख म्हणून मिल आणि बिल्ला लिहावासा वाटला होता. तेव्हापासून "मजकूर नाही" हा शेरा आरसा फिरवून बघितल्याशिवाय आम्ही लिहीत नाही.

प्रत्येक कबरीचे निदान तीन फोटो काढा: क्रमांकाच्या पाटीसह पूर्ण कबर, मजकूर जवळून, आणि आजूबाजूच्या कबरींसह दुरून. फोनची लेन्स दगडाला समांतर धरा.

दगडाला काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. तारेचा ब्रश नाही, ॲसिड नाही, संडास धुवायचं औषध नाही, ब्लीचिंग नाही. अक्षरात खडू, पीठ, हळद भरायची नाही, त्याचे कण छिद्रांत बसतात. अक्षरं ठळक दिसावीत म्हणून ऑइलपेंटने गिरवणारे प्रेमाने गिरवतात, पण चुकीचं अक्षर गिरवलं की खरं कायमचं झाकलं जातं. कोरडी माती मऊ केसांच्या ब्रशने झटका, फार तर साध्या पाण्याची फवारणी करा. ओला काळा दगड बऱ्याचदा कोरड्यापेक्षा चांगला वाचता येतो. शहाबादीचा पापुद्रा सुटलेला असेल तर तिला ब्रशही लावू नका.

लिपी

या शहराची एक लिपी नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, इंग्रजी, कुठे फारसी. एकाच कबरीवर दोन लिपीही असतात. म्हणून नोंद करताना मूळ मजकूर त्याच लिपीत उतरवायचा, आणि मग शेजारच्या रकान्यात देवनागरीत उच्चार. नुसतं देवनागरी केलंत तर येल्लप्पा, एल्लप्पा, यल्लप्पा यातलं घरचं नाव कुठलं हे पुढच्याला कधी कळणार नाही. दगडावर चूक असेल तर चुकीसकट उतरवा, आणि पुढे "दगडावर असंच" असं लिहा. आपण शुद्धलेखन तपासायला आलेलो नाही.

कन्नड आणि तेलुगू नवख्याला सारखीच दिसतात. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखा फटकारा असतो, कन्नडमध्ये त्या जागी आडवी रेघ. एवढ्याने कोणाला बोलवायचं ते ठरतं. वाचणारा शोधायला लांब जावं लागत नाही. गल्लीतला शिक्षक, मदरशातले मौलाना, निवृत्त कारकून. उर्दू वाचणारा पोरगा बेगम पेठेत तुम्हाला दहा मिनिटांत मिळेल.

काही शब्द ओळखीचे झाले की काम सोपं होतं. मरहूम, मरहूमा, वफात, इंतेकाल म्हणजे मृत्यूची बाजू. विलादत म्हणजे जन्म. मराठी ख्रिस्ती कबरीवर "प्रभूमध्ये निद्रिस्त", "ख्रिस्तवासी". लिंगायत समाधीवर "लिंगैक्य". लिंगायत समाजात मृताला बसलेल्या स्थितीत, हातात इष्टलिंग देऊन पुरतात, त्यामुळे समाधीचा आकारच वेगळा असतो. कित्येकदा वर लिंग किंवा नंदी असतो आणि अक्षर एकही नसतं. त्याला "मजकूर नाही" लिहून सोडू नका. चिन्हाचं वर्णन हीच नोंद.

बायकांच्या कबरी बघताना जीव तुटतो. "अमक्याची पत्नी", "जौजे अमुक", "अमक्याची आई". नाव नाहीच. तक्त्यात तिच्या नावाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घालू नका. तो रकाना रिकामा ठेवा, शेरा लिहा, आणि चर्चच्या रजिस्टरमधून, घरच्यांकडून ते नाव शोधायचं काम वेगळ्या यादीत टाका. आमच्या गटात ही यादी आम्ही दर महिन्याला काढून बसतो. एखादं नाव मिळालं की त्या दिवशीचं बाकी काम राहिलं तरी चालतं.

तारखा: इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात

उर्दू आकड्यांत सात म्हणजे इंग्रजी व्हीसारखा आकार आणि आठ म्हणजे तोच उलटा. दोनला एक खाच, तीनला दोन. शून्य म्हणजे नुसता ठिपका, म्हणजे दगडाचा टवका आणि शून्य यांत फरक करावा लागतो. मजकूर उजवीकडून डावीकडे असला तरी आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. सालाच्या टोकाला "हे" हे अक्षर असेल तर हिजरी, "ऐन" असेल तर इसवी.

आमच्या हातून झालेली एक चूक मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. दुपारी काढलेल्या फोटोत शेवटचा आकडा सात की आठ कळत नव्हतं. पुन्हा जायचा कंटाळा केला आणि आठ लिहिलं. दोन वर्षांनी एक गृहस्थ आजोबांची कबर शोधत आले. त्यांच्याजवळ घरच्या वहीत लिहिलेलं साल होतं, शेवटचा आकडा सात. नाव जुळत होतं, पण त्या नावाची माणसं चार. आमची यादी बघून ते म्हणाले, "नाही, हे आमचे नव्हेत," आणि गेले. पुढच्या हिवाळ्यात सकाळच्या उन्हात तो दगड पुन्हा बघितला. सात होता. त्यांचा पत्ता आम्ही घेतलेला नव्हता.

तेव्हापासूनचा नियम: शंका असेल तिथे दोन्ही लिहा, "१३४७ किंवा १३४८". अंदाज लिहायचा नाही. आणि यादी बघायला येणाऱ्या प्रत्येकाचा संपर्क एका वेगळ्या वहीत, त्याच्या परवानगीने, नोंदवून ठेवायचा.

आता सालं बदलण्याचा हिशोब. उदाहरणाला सोलापूरकराला पाठ असलेली तारीख घेऊ: १२ जानेवारी १९३१, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली तो दिवस. त्या दिवशी कोणाच्या कबरीवर काय साल पडलं असतं?

शालिवाहन शक १८५२. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंत ७९ मिळवायचे. १८५२ अधिक ७९, १९३१. कन्नड-तेलुगू दगडावर कधीकधी आकड्याऐवजी संवत्सराचं नाव असतं. हे साठ वर्षांचं चक्र आहे आणि हे वर्ष प्रमोद, तेलुगूत प्रमोदूत. तेच नाव १८७० साली होतं आणि १९९० सालीही आलं, म्हणून नुसत्या नावावर साल ठरत नाही. दगडाचा प्रकार, अक्षराचं वळण, शेजारच्या कबरी यांच्यावरून साठातलं कुठलं ते ठरवा आणि "अंदाजे" लिहा.

हिजरी १३४९. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. आकड्याला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३४९ चे १३०८.५ होतात, त्यात ६२२, म्हणजे १९३० च्या मध्याच्या आसपास. खरंच १३४९ हे वर्ष मे १९३० च्या अखेरीला सुरू होऊन मे १९३१ मध्ये संपलं. महिना दिलेला असेल तरच नेमकं इसवी साल लिहा, नसेल तर "१९३०-३१". चंद्रदर्शनामुळे एका दिवसाचा फरक पडतो, वार दिलेला असेल तर त्यावरून पडताळा घ्या.

फसली १३४०. सोलापूर निजामाच्या मुलखाला लागून असल्यामुळे फसली, म्हणजे महसुली, सालही कागदपत्रांत सापडतं. निजामी फसलीत ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे.

उर्दू-फारसी दगडावर सालाचा आकडाच नसेल आणि शेवटी एखादी ओळ सुटी, सजवून कोरलेली असेल तर ती "तारीख" असू शकते. त्या अक्षरांच्या अबजद किमतींची, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेल्या आकड्यांची, बेरीज म्हणजे मृत्यूचं साल. हे काम जाणकार मौलानांकडेच न्यावं.

तक्ता

कॉम्प्युटरवर साधी स्प्रेडशीट पुरे, फाँट युनिकोड. रकाने आमचे असे: क्रमांक, मूळ मजकूर (ओळीनुसार), देवनागरी उच्चार, मृताचं नाव, नातं, दगडावरची तारीख जशीच्या तशी, इसवी तारीख, दगडाचा प्रकार आणि अवस्था, चिन्हं, तोंडी माहिती आणि ती कोणी, कधी सांगितली, फोटोंचे क्रमांक, वाचणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव. तोंडी माहिती आणि दगडावरची माहिती एका रकान्यात कधीही मिसळू नका. दोन्ही मोलाच्या आहेत, पण पुरावा वेगवेगळ्या जातीचा आहे.

वाचणारे दोघे, एकमेकांचं न बघता. मग जुळवायचं, आणि जिथे फरक पडतो तिथे पुन्हा दगडाकडे जायचं. दोघांची जोडी सकाळच्या दोन-अडीच तासांत पंचवीस-तीस कबरी नीट करते. त्याहून जास्त झाल्या तर मी तपासायला बसतो.

दगडाबाहेरची कागदपत्रं

जन्म-मृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, त्याआधी १८८६ चा कायदा होता. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. मृत्यूच्या नोंदीत शोध घेण्याची तरतूद कायद्यात आहे, फी भरून उतारा मिळतो, मात्र उताऱ्यात मृत्यूचं कारण देत नाहीत. जाताना नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि सालाचा पाच वर्षांच्या आतला अंदाज न्या. कार्यालयाकडून रजिस्टरं कुठल्या सालापासून शिल्लक आहेत हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. प्रश्न एका ओळीचा ठेवा.

जुन्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता धरून चाला आणि मोडी येणारा माणूस गटात आधीच जोडा. चर्चची दफन-रजिस्टरं फार नाजूक असतात. ती घरी आणायची नाहीत, तिथेच टेबलावर फोटो काढायचे, बांधणी दाबून सपाट करायची नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम सोलापुरात एकोणिसाव्या शतकापासून होतं, त्यामुळे प्रोटेस्टंट घराण्यांची बरीच माहिती मिशनच्या कागदांत सापडते.

इंग्रज कबरींसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: शोधताना सोलापूरचं स्पेलिंग "शो"ने सुरू करा (Sholapur). मे १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने सोलापूर घेतलं, पुढे इथे छावणी होती. सदर बझार, लष्कर ही नावं त्यातलीच. मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या चर्च-नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. शहराच्या संदर्भासाठी १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचा, आणि जुनी वर्तमानपत्रं. मृत्यूच्या बातम्या, श्रद्धांजलीच्या जाहिराती. हिराचंद नेमचंद वाचनालयात एक दुपार काढा.

कागदांत सालांचे गठ्ठे दिसतील: दुष्काळ १८७६ ते ७८, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा. एखाद्या भागात एकाच सालच्या कबरी दाटीने दिसल्या तर कारण लिहायची घाई करू नका. आधी सालं तपासा, मग रजिस्टर बघा, मग लिहा.

काय प्रसिद्ध करायचं

दगड सगळ्यांना दिसतो म्हणून त्याचा फोटो इंटरनेटवर टाकायला आपण मोकळे, असं नाही. अलीकडच्या कबरींवर घरचा पत्ता, मोबाइल नंबरही रंगवलेला असतो. तो झाका. गेल्या तीस वर्षांतल्या नोंदी आम्ही फक्त छापील प्रतीत ठेवतो, घरच्यांनी मागितल्या तर देतो. लहान मुलांच्या कबरींचे फोटो टाकत नाही. तोंडी माहितीत जात, आजार, भांडणं, वारस असं काही आलं तर ते प्रसिद्ध प्रतीतून वगळायचं. आणि कोणी वकिलाच्या वतीने यादी मागायला आला तर त्याला कमिटीकडे पाठवायचं.

प्रती

एक प्रत कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्डडिस्कवर दुसऱ्याच्या घरी, एक ऑनलाइन. शिवाय कागदावर छापून बांधलेली. पेनड्राइव्ह कपाटात ठेवून काम झालं असं समजू नका. तीन वर्षांनी तो उघडेलच असं नाही. फाइलच्या नावात तारीख घाला, जुनी आवृत्ती पुसू नका.

बांधलेल्या प्रती आम्ही तीन काढतो. एक कमिटीच्या कार्यालयात, एक वाचनालयात. तिसरी फाटकाशेजारच्या खोलीत, जिथे फावडी-कुदळी ठेवतात. हिचा टाइप मोठा, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण, आणि प्रत्येक पानावर खाली चार ओळी कोऱ्या, म्हणजे नवं दफन झालं की त्याच दिवशी साध्या पेन्सिलीनेही लिहिता येतं. कबर खोदणाऱ्या चाचांना लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या एका शाळकरी पोराला दर शुक्रवारी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसवा. आमच्याकडचा पोरगा आता बारावीला आहे. नव्या कबरींचे क्रमांक तोच देतो, आणि रविवारी आम्ही पोचायच्या आत आरसा पुसून ठेवतो.